रोप ताणण्याआधी

पहाटे ५.१५

पाऊस रात्री दोनच्या सुमारास थांबला होता. शेडच्या पत्र्यावरून पागोळ्या अजून गळत होत्या आणि बाहेर मातीचा वास भरून राहिला होता. नगर जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे लोकांना वाटतं इथे चिखल कसला. पण सप्टेंबरात दोन दिवस लागून पाऊस झाला की के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्रातली काळी माती वरून वाळलेली दिसते आणि आतून लोण्यासारखी असते. मुरमाच्या टेकाडावरून रणगाडा उतरला आणि ड्रायव्हरने वाट चार हात जरी सोडली, तरी आम्हाला वायरलेस येणार हे ठरलेलं.

मी तेव्हा ईएमईत हवालदार होतो, ट्रेड रिकव्हरी मेकॅनिक. सैन्याच्या गाड्या, तोफा, रडार चालती ठेवणारी ही कोअर. रणगाड्यांच्या प्रत्येक रेजिमेंटबरोबर तिची एक छोटी तुकडी असते, तिला आम्ही एलएडी म्हणतो. आमच्या तुकडीची मुख्य गाडी डब्ल्यूझेडटी-३ होती. टी-७२ रणगाड्याच्याच सांगाड्यावर बांधलेली, मूळ पोलंडची. वर टरेटऐवजी क्रेन, पुढे बुलडोझरसारखं पातं, पोटात २८ टन ओढणारा मुख्य विंच आणि त्यावर २०० मीटर वायररोप. सैन्यात सगळे तिला एआरव्हीच म्हणतात, म्हणजे आर्मर्ड रिकव्हरी व्हेइकल.

दिवसाची सुरुवात फर्स्ट परेडने. इंजिन ऑइल, कूलंट, बॅटऱ्या, ट्रॅकचा ताण, ट्रॅकच्या पिना. मग क्रेनचा हूक. हुकाच्या तोंडावरची पट्टी स्प्रिंगने परत बसते का, हुकाचं तोंड फाकलंय का. १५ टन उचलणारी ही क्रेन इंजिन काढताना देवासारखी धावून येते, पण तिचं काम त्या दिवशी नव्हतं, म्हणून तिच्याबद्दल इथे एवढंच.

पहाटे ५.५०

आमच्याकडे भोपाळच्या ईएमई सेंटरवरून नुकताच आलेला एक पोरगा होता, साताऱ्याकडचा. वय वीस. हुशार, पण हात फार लवकर पुढे जायचा. हायड्रॉलिक पंप सुरू केला आणि पात्याच्या सिलिंडरकडे जाणाऱ्या होजवर ओल दिसली. तो लगेच होजवरून बोट फिरवायला निघाला. मी त्याचं मनगट धरलं.

"उस्ताद, गळती कुठेय ते बघतोय."

"हाताने नाही. पंप चालू असताना तर कधीच नाही."

पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून आणायला सांगितला आणि तो होजपासून वीतभर अंतरावर धरून हळूहळू सरकवला. एका जागी पुठ्ठ्यावर तेलाचा बारीक ठिपका उमटला, मग ठिपक्याच्या जागी भोक पडलं. होजला डोळ्यांना न दिसणारं छिद्र होतं. त्यातून सुटणारी तेलाची धार सुईपेक्षा बारीक असते आणि दाबामुळे कातडी भेदून थेट मांसात शिरते. सुरुवातीला डास चावल्याएवढंच दुखतं, माणूस दुर्लक्ष करतो. काही तासांत हात सुजून काळा पडायला लागतो आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी सगळा पंजा जातो. मी त्याला एवढंच सांगितलं की असं कधी झालं तर "थोडंसं तेल लागलंय" म्हणत बसायचं नाही. धावत एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात जायचं आणि डॉक्टरला "दाबाचं तेल आत गेलंय" या शब्दांत सांगायचं.

पंप बंद केला, दाब सोडला, होज बदलली. अर्धा तास गेला. पोरगा तो भोक पडलेला पुठ्ठा घडी करून खिशात ठेवताना मला दिसला. मी काही बोललो नाही. मला आवडलं.

सकाळी ७.००

नाश्त्यानंतर रोप. माझ्या कामातला हा तास मला सगळ्यांत प्रिय होता आणि आजही मी त्याबद्दल तासभर बोलू शकतो.

वायररोप म्हणजे एक जाड तार नव्हे. बारीक तारांची एक लड, अशा लडी मधल्या गाभ्याभोवती पिळलेल्या. भार आला की या तारा एकमेकींवर सरकतात, घासतात आणि भार वाटून घेतात. म्हणून त्यांना आतून तेल लागतं. वरून चकचकीत दिसणारा आणि आत गंज धरलेला रोप मी पाहिलाय. त्याचा पीळ स्पाइक घालून थोडा उघडला की आतून विटकरी भुकटी पडते. तो रोप त्याच दिवशी भंगारात गेला पाहिजे.

ड्रमवरून रोप उलगडून आम्ही शेडसमोर लांब पसरतो. मग एक जण हातात सुती चिंधी घेऊन ती रोपाभोवती सैल धरतो आणि चालत जातो. तुटलेल्या तारेचं टोक चिंधीला अडकतं. तिथे खडूची खूण करायची आणि एका पूर्ण पिळात किती टोकं आहेत ती मोजायची. क्रेनच्या रोपांना जगात बऱ्याच ठिकाणी लावतात तो ठोकताळा मी पोरांना शिकवायचो: एका पिळात इकडेतिकडे मिळून सहा तारा किंवा एकाच लडीत तीन तारा तुटलेल्या दिसल्या, तर रोप बाद. गाठीसारखी मुरड पडून सरळ केलेली असेल तर एकही तार तुटलेली नसली तरी बाद, कारण त्या मुरडीने तारांचं वाटप कायमचं बिघडलेलं असतं. लडी फुगून पिंजऱ्यासारख्या झाल्या असतील तरी बाद.

चिंधीच्या जागी उघडा हात कधी वापरायचा नाही. जाड कातडी हातमोजे घालूनसुद्धा रोप मुठीतून सरकू द्यायचा नाही, एकेक हात उचलून पकड बदलायची. ती तुटकी कुसळं हातमोजा पार करून तळव्यात रुततात आणि विंच चालू असेल तर हात ड्रमपर्यंत घेऊन जातात.

त्या दिवशी पहिल्या ६० मीटरमध्ये आम्हाला एकाच पिळात दोन तारा तुटलेल्या सापडल्या. चालण्यासारखं होतं. नोंद केली, जागा मोजून लिहिली. मग शॅकल, म्हणजे रोप जोडायची पिनेची कडी. प्रत्येक शॅकलची पिन आपल्याच शॅकलची आहे ना, आटे साफ आहेत ना, पोट झिजलंय का.

शॅकलच्या पिनेबद्दल माझा आग्रह थोडा जास्तच असायचा. त्याला कारण आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका वाळवंटी सरावात, एका तुकडीबरोबर मी ट्रक काढायला गेलो होतो. शॅकलची पिन हरवलेली होती. कुणीतरी त्याच मापाचा बाजारातला बोल्ट घातला. दिसायला तंतोतंत. मला तो दिसला होता. मी गप्प राहिलो, कारण तिथे सगळे माझ्यापेक्षा वरचे होते. भार आल्यावर बोल्ट कापला गेला आणि कप्पी सुटून उडाली. माझा एक दोस्त रोपाच्या दोन फाट्यांमधल्या कोनात उभा होता. कप्पी त्याच्या गुडघ्याला लागली. तो जगला, पेन्शनवर गेला. त्याचा तो पाय आजही वाकत नाही. त्या बोल्टबद्दल मी तेव्हा तोंड उघडलं असतं, तर ती वेळ आली नसती.

सकाळी ९.२०

वायरलेस आला. एक टी-७२ ओढ्याच्या अलीकडच्या खोलगटात रुतलाय, मडगार्डपर्यंत. ड्रायव्हरने निघायचा प्रयत्न केलाय.

हे शेवटचं वाक्य ऐकलं की आम्ही एकमेकांकडे बघायचो. प्रयत्न केलाय म्हणजे ट्रॅक जागेवर फिरवून त्याने स्वतःसाठी आणखी हातभर खड्डा खणलाय.

सकाळी १०.३०

पोचल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं आम्ही कशालाही हात लावला नाही. फिरून पाहिलं. जागेवर पोचताच हूक काढणारा माणूस मला कामाचा वाटत नाही.

रणगाडा ओढ्याकडे तोंड करून बसला होता. मागे चाळीसेक मीटरवर मुरमाचा उंचवटा. आला त्याच वाटेने मागे ओढायचा, हे उघड होतं. ती वाट ट्रॅकने आधीच दाबलेली असते. वरून विजेच्या तारा जात नाहीत ना, तेही पाहिलं. मग मी क्रू कमांडरला तीन गोष्टी विचारल्या. तोफ रिकामी आहे का? आहे. टरेट फिरवून, नळी ओढण्याच्या दिशेपासून बाजूला करून लॉक केलीय का? केली नव्हती, करून घेतली. इंजिन चालू होतं का? होतं.

मग वहीतलं गणित. टी-७२चं वजन ४१ टन. गाडी चाकापर्यंत रुतली तर चिखलाचा विरोध तिच्या वजनाइतका धरायचा, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, टरेटपर्यंत गेली तर तिप्पट. आमची मडगार्डपर्यंत, म्हणजे ८२ टन. ट्रॅक स्वतःच्या ताकदीने साथ देणार असतील तर त्यातून ४० टक्के वजा करता येतात. उरले ४९.

पोरगा म्हणाला, "उस्ताद, विंच २८चा. एक कप्पी लावली की छप्पन्न. झालं की."

"घर्षण कोण देणार?"

प्रत्येक कप्पीमागे भाराच्या दहा टक्के घर्षणाचे धरायचे. एक कप्पी घेतली तर ४९ आणि ५ मिळून ५४, दोन फाट्यांत वाटले की २७. म्हणजे २८ टनांच्या विंचवर २७ टन. कागदावर बसतं, पण चिखल आपल्या हिशेबापेक्षा दोन टन जरी जास्त निघाला तरी सगळं काठावर. दोन कप्प्या घेतल्या तर ४९ आणि १० मिळून ५९, तीन फाट्यांत वाटले की जेमतेम २० टन. विंचचा वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो, रोप तिप्पट लागतो, जोडणीला पाऊण तास जास्त जातो. ते सगळं मला चालतं. ४५ मीटरच्या अंतराला १३५ मीटर रोप लागणार होता. ड्रमवर भरपूर वेढे उरत होते, आणि निदान चार वेढे उरलेच पाहिजेत. नाहीतर सगळा भार रोपाच्या शेवटच्या क्लॅम्पवर येतो, जो त्यासाठी बनवलेलाच नाही.

सकाळी ११.१५ ते दुपारी १.१५

खोदकाम. हे दोन तास फार कमी लोकांना माहीत असतात. रिकव्हरी म्हटलं की विंच, क्रेन डोळ्यांपुढे येते, पण काळ्या मातीत अर्धी लढाई फावडं आणि पहारीची. ही माती रणगाड्याचं पोट जळूसारखी धरून ठेवते, खाली हवा शिरत नाही. तेवढी चिकटण मोडली नाही तर विंच नुसती माती ओढत राहतो. दोन्ही ट्रॅकच्या मागे उतरते चर काढले, पोटाच्या पत्र्याखाली पहार घालून जागोजागी हवा घेतली, पाणी बाजूला वळवलं. क्रूच्या पोरांनाही घमेली दिली. गाळात चटईसारखे बाभळीचे फाटे टाकले.

तिकडे एआरव्ही मुरमाच्या उंचवट्यावर, रणगाड्याच्या अगदी सरळ रेषेत उभी केली आणि पातं जमिनीत रोवून घेतलं. पात्याखाली मुरूम आहे का काळी माती, हे मी स्वतः खणून पाहिलं. पातं सरकलं तर ४१ टनी रणगाड्याऐवजी आपलीच गाडी खाली जाते.

चार जणांनी खांद्यावर घेऊन रोप खाली आणला. स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजूने उघडणारी जाड कप्पी, एक रणगाड्याच्या मागच्या हुकांना वायररोपच्या दोन पायांनी, दुसरी एआरव्हीला. ते दोन पाय शक्य तितके लांब घेतले. पाय आखूड असले की त्यांच्यातला कोन फाकतो, आणि कोन १२० अंश झाला की प्रत्येक पायावर अर्धा नव्हे, पूर्ण भार येतो.

दुपारी १.३५

रोपाचा सैलपणा काढला. विंच रांगत होता. सगळी माणसं बाहेर काढली: ताणलेला रोप जेवढा लांब, तेवढं तरी अंतर, आणि फाट्यांच्या कोनाच्या आत कुणीही नाही. ताणलेला रोप ओलांडायचा नाही, वरून नाही, खालून नाही. रणगाड्यात फक्त ड्रायव्हर, हॅच बंद. एआरव्हीचेही हॅच बंद, ऑपरेटर पेरिस्कोपमधून मला बघत होता. इशारे एकटा मी देणार. मात्र थांबण्याचा इशारा कुणीही देऊ शकतो, अगदी पाणी घेऊन आलेला लांगरी, म्हणजे स्वयंपाकीसुद्धा, आणि तो आला की कारण न विचारता थांबायचं. हे मी दर वेळी सगळ्यांना मोठ्याने सांगायचो.

रोपावर भार यायला लागला की तो बोलतो. आधी वाळलेल्या चिखलाच्या खपल्या टकटक उडतात. मग पीळ घट्ट होतो आणि गाभ्यातलं पाणी आणि तेल बाहेर येऊन रोपाच्या पोटाखाली थेंबांची रांग धरते. मग बारीक करकर. तेवढ्यात डावीकडे एक मूठ वर गेली. साताऱ्याचा पोरगा.

मी लगेच थांबवलं. भार पूर्ण सैल करून मगच पुढे गेलो. रोपाचं शेवटचं टोक रणगाड्याला ज्या शॅकलने बांधलं होतं, ती ताणाच्या वेळी आडवी फिरली होती. भार पोटावर यायच्याऐवजी तिच्या कानांवर येत होता. शॅकलची सगळी ताकद सरळ ओढीसाठी असते. आडव्या भाराने कान फाकतात आणि पिन निसटते. मी जिथे उभा होतो तिथून ती दिसत नव्हती. ज्याला दिसली त्याला आमच्या तुकडीत येऊन पुरते चार महिने झाले नव्हते.

"चुकलं का उस्ताद?" त्याने विचारलं. सगळे त्याच्याकडेच बघत होते आणि त्याचे कान लाल झाले होते.

"बरोबर केलंस," मी म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मनात मला तो बाजारातला बोल्ट दिसत होता.

शॅकल बदलली, सरळ बसवली, पुन्हा थोडा ताण घेऊन तपासली. पंचवीस मिनिटं गेली.

दुपारी २.१०

पुन्हा ताण. ड्रायव्हरला रिव्हर्सचा इशारा. पहिली काही मिनिटं काहीच हललं नाही. मग मातीने जीभ टाळूवरून सुटल्यासारखा आवाज करत पकड सोडली, पोटाखाली हवा शिरली आणि रणगाडा एका कुशीवरून उठल्यासारखा वर आला. मुरमावर यायला बारा मिनिटं लागली. सकाळपासूनच्या कामातली ओढण्याची वेळ एवढीच.

क्रूने टाळ्या वाजवल्या. मी त्यांना ट्रॅकमधला चिखल, काटक्या काढायला लावल्या आणि ताण तपासून घेतला. रणगाडा स्वतःच्या ताकदीने गेला. आम्ही थंड झालेल्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली.

सायंकाळी ५.३०

परतल्यावर अंगात त्राण नसतं आणि नेमकं तेव्हाच दिवसातलं दुसरं महत्त्वाचं काम असतं. चिखल भरलेला रोप तसाच ड्रमवर गुंडाळून उद्या बघू म्हटलं, तर काळी माती रात्रभर पाणी धरून ठेवते आणि सकाळी तारांवर तांबूस झाक आलेली असते. मी कितीही उशीर झाला तरी रोप तसा ठेवू दिला नाही, आणि त्याबद्दल पोरांच्या शिव्याही खाल्ल्या असतील.

रोप पुन्हा पसरला. तारेच्या ब्रशने चिखल काढला. जोरदार पाण्याची धार रोपावर मारायची नाही, ती माती आत ढकलते. चिंधीने कोरडा केला, तेल ब्रशने पिळात भरलं. सकाळच्या खुणा पाहिल्या: त्या पिळात दोनच्या तीन तारा झाल्या होत्या. एक नवी. आम्ही ती लिहिली. मग रोप ताणाखाली ड्रमवर घेतला, वेढ्याला वेढा लावून. सैल गुंडाळला तर पुढच्या ओढीला वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसून दबतो, आणि रोप चेंगरून मरतो.

गुंडाळताना ड्रमजवळ हात नेऊन वेढे लावायचे नाहीत. लाकडी दांड्याने, दूर उभं राहून. कप्प्यांच्या ग्रीस निपलमधून जुनी काळी ग्रीस बाहेर पडून नवी दिसेपर्यंत पंप मारला. शॅकल धुऊन, प्रत्येक पिन आपल्या शॅकलला लावून टांगली. आडवी फिरलेली शॅकल मी वेगळी काढून तिला लाल रंग लावला. ती बहुधा ठीक होती. पण बहुधाच्या भरवशावर मी ती पुन्हा कुणाच्या हातात दिली नसती.

रात्री ८.१५

लॉगबुक. तारीख, जागा, गाडी, भाराचा अंदाज, जोडणी, रोपाचा तो पीळ, बाद केलेली शॅकल, बदललेली होज. थांबवण्याची नोंदही लिहिली आणि पुढे पोराचं नाव घातलं. सुभेदार साहेबांनी दुसऱ्या दिवशी फॉल-इनमध्ये ती वाचून दाखवली.

आता मी निवृत्त आहे. उसाच्या हंगामात आमच्या गावाकडे ओल्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली रुतली की जेसीबी येतो, कुठूनतरी साखळी किंवा गंजका रोप येतो, बाजारातला बोल्ट येतो, आणि पन्नास माणसं, त्यांत लहान पोरं, रोपाला हात लागेल इतक्या जवळ उभी राहतात. मी दर वेळी ओरडतो. काही ऐकतात. हे वाचणाऱ्यांना हात जोडून सांगतो: तुमच्यासमोर कुठलीही गाडी ओढली जात असेल, तर रोप जेवढा लांब तेवढे तरी मागे सरा, कोनाच्या आत उभे राहू नका, पोरांना आधी मागे घ्या. आणि काही वाकडं दिसलं, तर तुम्ही तिथे कुणीही असा, हात वर करून थांबवा.